गणिताचे छात्रशिक्षक जसा विचार करतात तसंच शिकवतात का? (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

टाचणवही

मी बीएड कॉलेजात गणिताची अध्यापन पद्धती शिकवते. सध्या आमच्या छात्रशिक्षकांची, म्हणजे बीएडच्या पोरांची, आंतरवासिता (शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) चालूये, त्यामुळे माझा निम्मा वेळ कुठल्यातरी शाळेत शेवटच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसण्यात जातो. त्यात एमएडची एक मुलगी लघुप्रबंधासाठी मागे लागली की मॅडम तुमच्या गणितवाल्यांकडून दोन प्रश्नावल्या भरून हव्यात. विषय ओळखीचाच, 'छात्रशिक्षकांच्या विचारशैली व अध्यापनशैली यांतील सहसंबंध'. दर दोन-तीन वर्षांनी हा विषय कुणीतरी घेतंच. भरून दिल्या, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय म्हणून इथे टाकतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विचारशैलीचं जे माप वापरतात ते बहुतेकदा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांचं असतं. त्यांचं म्हणणं असं की माणूस स्वतःच्या डोक्याचा कारभार सरकारसारखा चालवतो. काहींना स्वतः नियम बनवायला आवडतं, काहींना कुणीतरी नीट नियम दिला की तो राबवायला बरं वाटतं, आणि काहींना दुसऱ्याच्या कामाचा निवाडा करायला. शिवाय कुणी आधी सगळं चित्र बघतो तर कुणी बारीकसारीक तपशिलात रमतो, कुणाला नवीन वाट हवी तर कुणाला मळलेली. अशा सगळ्या मिळून १३ शैली. आणि हे हुशारीचं माप नाही हं, ते स्वतःच परत परत सांगतात. असलेली हुशारी कशी वापरायला आवडते, एवढंच. अध्यापनशैलीसाठी अँथनी ग्राशा यांचे पाच प्रकार चालतात, तज्ज्ञ, अधिकारी, आदर्श घालून देणारा, सुलभक (मुलांना स्वतः शिकायला मदत करणारा) आणि काम सोपवणारा.

हाँगकाँग विद्यापीठातल्या ली-फांग झांग यांनी २००१ मध्ये नोकरी करता करता शिकणाऱ्या शिक्षकांवर काम केलं होतं. त्यात नियम बनवणाऱ्या, निवाडा करणाऱ्या, नवी वाट शोधणाऱ्या लोकांचा ओढा मुलांच्या समजुतीत बदल घडवण्याकडे दिसला, तर राबवणाऱ्या, मळलेल्या वाटेच्या लोकांचा माहिती पोचवण्याकडे. म्हणजे कुणालाही वाटेल तसंच. आमच्या पोरांच्या प्रश्नावल्याही वरवर चाळल्या तर तसंच दिसतंय.

पण वर्गात मला हे दिसत नाही!

परवाचं सांगते. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांचा भागाकार. फळ्यावर ६/८ ÷ २/४. शिकवणारा मुलगा आमच्या बॅचचा सगळ्यात डोकेबाज, कोडी घालणारा, कॉलेजात प्रत्येक गणित तिसऱ्याच रीतीने सोडवणारा. प्रश्नावलीत 'स्वतः नियम बनवणे' याला भरघोस गुण. एक पोरगी उठली, म्हणाली सर मी वरच्याला वरच्याने भागलं आणि खालच्याला खालच्याने, ६ भागिले २ म्हणजे ३, ८ भागिले ४ म्हणजे २, उत्तर ३/२. हा क्षणभर थांबला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "उत्तर योगायोगाने बरोबर आलंय, पण ही रीत नाही. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं." पोरगी खाली बसली आणि खोडरबराने सगळं खोडलं.

आता ती रीत शंभर टक्के बरोबर आहे. अपूर्णांकांचा गुणाकार वरचा वरच्याशी, खालचा खालच्याशी होतो, मग भागाकारही तसाच व्हायला काय हरकत आहे? फक्त भाग जात नसला की ते किचकट होतं.

मग चर्चा तासाला मी तेच उत्तर नाव न सांगता सगळ्यांपुढे ठेवलं आणि म्हटलं, मुलाला काय सांगाल ते कागदावर लिहा. बहुतेकांनी 'रीत चूक, उत्तर बरोबर' लिहिलं. आणि आमच्याकडे एक मुलगी आहे, अतिशय चाकोरीतली, टाचण (तासाचं आधी लिहून काढलेलं नियोजन) म्हणजे छापील पुस्तक, समासाची रेघसुद्धा चुकणार नाही, प्रश्नावलीतही 'राबवणे' आणि 'तपशील' यांत सगळ्यात वर. तिने लिहिलं की मी त्याला ३/५ ÷ २/७ करायला सांगेन, तो अडकेल, मग म्हणेन दोघांचे छेद सारखे कर. २१/३५ ÷ १०/३५. आता वरच्याला वरच्याने भाग, २१/१०. खाली ३५ भागिले ३५ म्हणजे १. तुझीच रीत आहे, चालते.

मी बघतच राहिले. आता सांगा, विचारशैलीवरून अध्यापनशैली ओळखायची तर ती नक्की कुठे बघायची?

---

शंकासुर

धागा आवडला, पण मुळातच घोळ आहे असं माझं मत. दोन्ही प्रश्नावल्या भरणारा माणूस एकच, एकाच बैठकीत, एकाच मूडमध्ये. "मला नवनवीन पद्धतीने विचार करायला आवडतं" याला ७ पैकी ६ देणारा पोरगा पुढच्या पानावर "मी वर्गात नवनवीन पद्धती वापरतो" याला २ देईल का? सहसंबंध येणारच. तो विचार आणि अध्यापन यांच्यातला नाहीच, माणसाच्या स्वतःबद्दलच्या मताचा स्वतःबद्दलच्याच मताशी आहे. आणि छात्रशिक्षकाची तर अध्यापनशैली अजून बनलेलीच नसते, मग तो भरतो काय? आपण कसे शिकवणार आहोत याची स्वप्नं!

रच्याकने, 'शैली' म्हटलं की मला ते दृश्य शिकणारे, श्राव्य शिकणारे वालं थोतांड आठवतं. २००८ मध्ये पॅशलर वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी त्याचा आढावा घेऊन सांगितलंय की मुलाची शैली ओळखून तसं शिकवलं की जास्त येतं याला नीट पुरावाच नाही. तरी आजही प्रशिक्षणात स्लाइड असतेच.

---

टाचणवही

@शंकासुर, प्रश्नावल्यांबद्दल सहमत, म्हणून तर वर्गात बघतेय. पण ते श्राव्य-दृश्य प्रकरण वेगळं. तिथे दावा मुलाच्या शिकण्याचा आहे, इथे शिक्षकाच्या आवडीनिवडीचा. तरी स्टर्नबर्ग मंडळींकडेही जुळणीचा एक निष्कर्ष आहेच, ग्रिगोरेंको आणि स्टर्नबर्ग यांनी १९९५ ला अमेरिकन शाळांत बघितलं होतं की ज्या मुलांची शैली शिक्षकाशी जुळते त्यांना गुण बरे मिळतात.

---

शंकासुर

गुण देणारा तोच शिक्षक ना? झालं मग.

---

टाचणवही

हो हो, तोच. 😀 पण त्याच अभ्यासातलं मला दुसरंच इंटरेस्टिंग वाटलं होतं. खालच्या इयत्तांचे शिक्षक जास्त 'नियम बनवणारे' आणि वरच्या इयत्तांचे जास्त 'राबवणारे' निघाले. वय वाढलेले शिक्षक जास्त राबवणारे, तपशिलात रमणारे, जुन्या वाटेचे. आता तसलेच लोक तिकडे जातात की वरच्या वर्गात परीक्षेच्या रेट्यात माणूस तसा होतो?

---

खडूधूळ

मॅडम (तुम्ही आमच्या कॉलेजच्या नसाव्यात अशी देवाकडे प्रार्थना), मी बीएड दुसऱ्या वर्षाला, गणित-विज्ञान. त्या डोकेबाज मुलाची बाजू मांडतो कारण त्याच्या जागी मी पण तेच बोललो असतो.

आमच्या टाचणात रकाने असतात ना, अध्यापन मुद्दा, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आम्ही आदल्या रात्रीच लिहिलेलं असतं की 'विद्यार्थी उत्तर देतील : ३/२'. म्हणजे मुलं काय बोलणार हे आधीच ठरलेलं, त्यावर सही पण झालेली. मग ती पोरगी उठून रकान्यात नसलेलं बोलते, मागे मॅडम वहीत काहीतरी लिहितायत, ३५ मिनिटांचा तास, संकलन आणि गृहपाठ राहिलाय, तो राहिला तर गुण जातात. तिथे माणूस विचार करत नाही मॅडम, तो फक्त तास संपवतो. तुम्ही त्याला हेच उत्तर हॉस्टेलवर रात्री विचारलं असतं तर त्याने तासभर डोकं लावलं असतं आणि तीन सिद्धता आणल्या असत्या. आणि त्या मुलीला चर्चा तासाला कागद आणि वेळ मिळाला होता, त्याला मिळाला नव्हता. फेअर नाही हे.

---

टाचणवही

मी तुमच्या कॉलेजची नाही, निश्चिंत रहा. वेळेचा मुद्दा एकदम मान्य. पण चर्चा तासाला तोही होता की. त्याने कागदावर लिहिलं, "रीत बरोबर आहे, पण मुलांचा गोंधळ होईल म्हणून सांगणार नाही."

---

खडूधूळ

आईशप्पथ. म्हणजे त्याला माहीत होतं.

---

नानामास्तर

बाई, हायस्कुलातून गणित शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन शब्द. शैली वगैरे नावं आमच्या वेळी नव्हती. आम्ही आमच्या मास्तरांसारखं शिकवलं, ते त्यांच्या मास्तरांसारखं. माझ्या हातात खडू आला की आवाजसुद्धा आमच्या गुरुजींचा निघायचा, बायको हसायची.

आणि गोंधळ होईल म्हणून सांगणार नाही, हे त्या मुलाचं चूक नाही. साठ-सत्तर पोरं असतात. एकीला समजावताना बाकीची तिची रीत उतरवून घेतात आणि चाचणीत ३/५ भागिले २/७ आलं की ३ भागिले २ दीड, वर दीड खाली पाच सप्तमांश लिहून ठेवतात. मग तो पेपर तपासायचा कुणी?

---

टाचणवही

नाना, तुम्ही जे गुरुजींच्या आवाजाचं लिहिलंय त्यावर समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांचं १९७५ चं प्रसिद्ध निरीक्षण आहे. शाळा संपेपर्यंत मुलगा साधारण १३,००० तास शिक्षकांसमोर बसलेला असतो. म्हणजे आमच्याकडे येतो तेव्हा त्याची अध्यापनाची उमेदवारी होऊनच गेलेली असते, फक्त बाकाच्या अलीकडून. त्याला शिक्षक काय करतो ते दिसलेलं असतं, का करतो ते दिसलेलं नसतं. आमच्या दोन वर्षांत १३,००० तासांवर काय मात करणार!

मला वाटायला लागलंय की छात्रशिक्षकाची अध्यापनशैली ही बऱ्याचदा त्याच्या आवडत्या शिक्षकाचीच असते. त्याची स्वतःची विचारशैली घरी, पेन आणि कागदापाशी राहते.

---

कासेलकर

वाचतोय, छान चाललंय. मी जर्मनीत कासेलला असतो (धंदा वेगळा, पण बायको शिक्षिका आहे म्हणून ही चर्चा जेवणाच्या टेबलावर रोज). इथल्या विद्यापीठात रीटा बोरोमेओ फेरी म्हणून गणितशिक्षणाच्या प्राध्यापिका आहेत, त्या १३ वगैरे भानगडीत न पडता गणितापुरतं बोलतात. चित्रात विचार करणारे, चिन्हांत विचार करणारे आणि दोन्हींची सांगड घालणारे. त्यांनी प्रश्नावलीवर न थांबता शिक्षकांचे तास चित्रित केले. निघालं असं की व्यवहारातलं एखादं गणित घेतलं की चिन्हवाला शिक्षक मुलांना पटकन समीकरणाकडे ओढून नेतो, आणि चित्रवाला त्या प्रसंगातच रेंगाळतो, मुलांना कल्पना करायला लावतो. आणि शिक्षकांना स्वतःला हे लक्षातच आलेलं नसतं.

म्हणजे शैली झिरपते. पण बीएडच्या पोरांमध्ये नाही, मुरलेल्यांमध्ये, असं असू शकेल का?

---

नानामास्तर

हे मात्र खरं बोललात. आमच्या शाळेत दहावीला दोन तुकड्यांना दोन तरुण शिक्षक. दोन चलांतली रेषीय समीकरणं. एकाचा जीव क्रेमरच्या सूत्रावर. सहगुणकांवरून निश्चयक नावाची संख्या काढा, भागा, उत्तर. पोरं खूश, कारण न चुकता येतं. दुसरा आलेखवाला, आठवडाभर आलेख कागद संपवतोय. मी एकदा दोघांच्या वर्गात तेच उदाहरण टाकलं, क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = १२. क्रेमरच्या वर्गात पोरं म्हणाली सर निश्चयक शून्य आला, शून्याने भागता येत नाही, गणित चुकीचं छापलंय. आलेखाच्या वर्गात एक पोरगं म्हणालं, सर ह्या दोन रेघा भेटणारच नाहीत. पण चाचणीत निकाल कुणाचा चांगला लागला विचारा. क्रेमरचा! आणि मुख्याध्यापकांनी कौतुक कुणाचं केलं तेही विचारा.

---

शंकासुर

नाना +१०००. हेच ते. गणितशिक्षणवाले रिचर्ड स्केंप यांनी १९७६ मध्येच लिहून ठेवलंय, एक समज म्हणजे नियम वापरता येणं, दुसरी म्हणजे काय करायचं आणि का ते दोन्ही कळणं. आणि पहिल्या प्रकारचे फायदेही त्यांनी प्रामाणिकपणे दिलेत, लवकर येतं, बक्षीस लगेच मिळतं. 'उलटा करा आणि गुणा' हे त्यांचंच उदाहरण आहे, टाचणवहीताईंचा वर्ग तिथेच पोचला बघा.

पण नाना, तुमच्या उदाहरणात शैली दिसतेय की पाठ्यपुस्तकातला कुठला भाग जास्त दामटला ते दिसतंय? तो क्रेमरवाला भूमिती कसा शिकवायचा?

---

नानामास्तर

भूमितीतसुद्धा प्रत्येक पायरीपुढे कारण घोटून घ्यायचा. आकृती शेवटी. त्याच्या वर्गात आकृती न काढता सिद्धता लिहिणारी मुलं होती, मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

---

रानजाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली ते चौथी. हायस्कूलवाले बोलून झाले असतील तर आमचंही ऐका.

२०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा ज्ञानरचनावाद (मुलाने स्वतः करून, स्वतः समज बांधायची) आला. साताऱ्याचं कुमठे बीट (त्या पद्धतीसाठी गाजलेला शाळांचा गट) बघायला गाड्या भरभरून शिक्षक गेले. आल्यावर सगळ्यांनी वर्गातल्या फरशा रंगवल्या, संख्यांच्या माळा टांगल्या, मुलांना गोलात बसवलं. बाहेरून बघाल तर ग्राशाचे सुलभक! पण आत काय? माझे एक सहकारी (भला माणूस, मनापासून करतो) गटात काड्यांचे गठ्ठे वाटायचे आणि म्हणायचे, "आता सगळ्यांनी दहाचा एक गठ्ठा उचला. आता तीन सुट्ट्या काड्या उचला. किती झाले? तेरा. शाब्बास." मुलाला स्वतःहून गठ्ठा बांधायचा प्रसंगच नाही. एका पोराने १३ साठी सात आणि सहा असे दोन ढीग केले, ते मोडून परत दहा-तीन करायला लावले. राबवणाऱ्या शैलीच्या माणसाने रचनावादसुद्धा परिपत्रकासारखा राबवला.

म्हणून म्हणते, अध्यापनशैली बाहेरून मोजायची भानगडच करू नका. गोलात बसवलं की रांगेत, शिक्षक बोलला किती, साहित्य होतं का, याने काही कळत नाही. टाचणवहीताई, तुम्ही शेवटच्या बाकावरून जे वहीत लिहिता त्यात पण हेच रकाने असतात ना? खरं सांगा.

---

टाचणवही

असतात. फलकलेखन, आवाज, साहित्याचा वापर, प्रश्नांचं वितरण, वर्गनियंत्रण, वेळेचं नियोजन. 'मुलाने अनपेक्षित उत्तर दिलं तेव्हा काय केलं' असा रकाना नाही. सूक्ष्म अध्यापनात (एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठात) प्रश्न विचारण्याचं कौशल्य आहे, प्रबलन (शाबासकी देणं) आहे, पण तिथेही समोर वर्गमित्रच मुलं बनून बसलेले, ते शहाण्यासारखी उत्तरं देतात!

तुमच्या काड्यांवाल्या उदाहरणाने माझं बरंचसं जुळलं. सात आणि सहाचे ढीग, ६/८ ÷ २/४, नानांच्या समांतर रेघा. शैली दिसली ती सगळीकडे एकाच ठिकाणी, मूल ठरलेलं सोडून बोललं तिथे. बाकी अख्खा तास जे चालतं ते टाचण, शाळेची रीत, गुरुजींचा आवाज. माझ्या त्या चाकोरीतल्या मुलीचंही मग नवल वाटत नाही. तिला तपशिलाचा सोस आहे ना, म्हणून ती मुलाच्या रीतीच्या तपशिलात शिरली, पायरी पायरीने तपासत गेली. डोकेबाजाला स्वतःची रीत शोधायला आवडते, दुसऱ्याची रीत तपासायला आवडतेच असं कुठेय? नियम बनवणारे ते मुलांना बनवू देणारे, हे गृहीतकच मला आता कच्चं वाटतं.

---

शंकासुर

इथे मात्र मुद्दा आहे, आणि हे मोजता येईल. प्रश्नावली क्रमांक दोन फेकून द्या. त्याऐवजी मुलांची आठ-दहा विचित्र उत्तरं द्या आणि छात्रशिक्षकाने काय बोलावं ते लिहायला सांगा. लिपिंग मा यांनी १९९९ च्या पुस्तकात जवळपास हेच केलंय. अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांना १ पूर्णांक ३/४ भागिले १/२ करायला आणि त्यावर एक गोष्ट रचायला सांगितलं. आकडेमोडीत चिनी शिक्षक सगळे बरोबर, अमेरिकन निम्म्याहून कमी. आणि गंमत म्हणजे काही चिनी शिक्षकांनी तुमच्या त्या पोरीचीच रीत सांगितली, ७ भागिले १ वर, ४ भागिले २ खाली, ७/२.

म्हणजे आधी विषय किती खोल माहीत आहे ते बघायला हवं, शैलीचं नंतर. ज्याला ती रीत का चालते हेच माहीत नाही त्याच्याकडे कुठलीही शैली असली तरी तो 'योगायोग' म्हणणार.

---

खडूधूळ

पण त्या दादाला माहीत होतं की! त्याने लिहिलं ना, बरोबर आहे पण सांगणार नाही.

---

शंकासुर

हम्म. तेवढं माझ्या थिअरीत बसत नाही. बघतो.

---

रानजाई

बसतं हो. त्याला गणित माहीत होतं, पण पोरांवर भरवसा नव्हता. ते कुठल्या प्रश्नावलीत येतं?

---

कासेलकर

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणतेय की इथल्या प्रशिक्षणार्थींना आधी मुलांच्या जुन्या वह्या देतात आणि फक्त 'हे मूल काय विचार करतंय' एवढंच लिहायला लावतात, दुरुस्ती करायची नाही. पहिले काही आठवडे सगळे दुरुस्तीच करतात म्हणे.

---

टाचणवही

हे मी पुढच्या बॅचला करणार. जुन्या वह्या जमवते. तोपर्यंत इथेच यादी करूया का? अशी उत्तरं हवीत ज्यांत काही योगायोगाने बरोबर आहेत आणि काही खरोखर बरोबर, म्हणजे पोरांना फरक शोधायला लागेल. ६/८ ÷ २/४ माझ्याकडून. लघुप्रबंधवालीला पण सांगते, वैतागेल पण ऐकेल.

---

खडूधूळ

१६/६४, वरचा ६ आणि खालचा ६ कापला, उरलं १/४. हे माझ्या सराव पाठात सातवीच्या एकाने खरंच केलं होतं.

---

नानामास्तर

१९/९५ घ्या. ९ ला ९ कापा, १/५. बरोबर.

(अवांतर : ६१७४ या संख्येच्या गमतीसाठी प्रसिद्ध गणिती कापरेकर आपल्या देवळालीच्या शाळेतले मास्तरच होते. त्यांच्या वर्गात असलं उत्तर आलं असतं तर अख्खा तास त्यातच रंगला असता.)

---

रानजाई

माझ्याकडून ५२ - २७. पोरगा म्हणाला २ तून ७ गेले उणे ५, ५० तून २० गेले ३०, मग ३० तून ५ काढले, २५. तिसरीतला! हातचा नाही, उसनं नाही.

---

शंकासुर

रानजाई, हे खरोखर बरोबरवाल्या यादीत. नानांचं आणि खडूधूळचं योगायोगवाल्या यादीत. २६/६५ आणि ४९/९८ पण घाला, वर-खाली दोन अंकी आणि एकाहून लहान अपूर्णांकांत असे कापून बरोबर येणारे चारच आहेत, १०/२० सारखे शून्यवाले सोडून. पाचवा शोधा म्हणून त्या डोकेबाजाला कामाला लावा.